यंत्राचा हात

पडद्यावर आलेली खेळी राजाची होती. एक घर, कोपऱ्याकडे. त्याने ती वाचली, सवयीने पुन्हा एकदा वाचली, हात पुढे केला आणि घोडा उचलला. उचलला तो थेट समोरच्या राजाच्या पुढ्यातल्या प्याद्यावर नेऊन ठेवला, मारलेलं प्यादं पटाबाहेर काढलं आणि घड्याळाची कळ दाबली. त्यात अडखळणं नव्हतं की घाई नव्हती. चहा पिताना माणूस कप उचलतो तितक्या सहज ते झालं. कळ दाबल्यावरच त्याला कळलं की आपण काय करून बसलोय, आणि तेव्हा समोरचा माणूस मान वर करून त्याच्याकडे बघत होता. हा समोरचा म्हणजे जगज्जेता. सामना सुरू झाल्यापासून पटाच्या या बाजूला कोणी बसलंय याची त्याने दखलही घेतली नव्हती. पाण्याच्या बाटलीकडे बघावं तसं तो इकडे बघायचा आणि नजर पटावर न्यायचा. आता मात्र तो सरळ डोळ्यांत बघत होता. ओठ जेमतेम हलवून त्याने एकच शब्द उच्चारला.

"पुन्हा?"

तेवढ्यात पंच लगबगीने आला. नियम साधा होता. यंत्राला हात नसतात, म्हणून यंत्राच्या वतीने मोहरे हलवायला एक माणूस बसवतात. तो माणूस चुकला तर ती त्याची चूक, यंत्राची नाही. मोहरा परत जागेवर जातो, पडद्यावरची खेळी खेळली जाते, समोरच्याला वाया गेलेला वेळ मिळतो, आणि डाव काही झालंच नाही असा पुढे चालू होतो. पंचाने स्वतःच्या हाताने घोडा मागे नेला, मेलेलं प्यादं परत उभं केलं, राजा एक घर सरकवला. वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी सभ्यपणे तो म्हणाला, "साहेब, तुम्ही खेळत नाही आहात." आणि मग जनाची लाज म्हणून की काय, त्याच्या खांद्यावर थोपटून गेला.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कुठून कशी जाते हे त्याला त्या क्षणी नीट कळलं. घोट्यांतून, पोटऱ्यांतून, पाठीच्या मणक्यातून ती चढत गेली आणि कानांच्या पाळ्यांत येऊन थांबली. समोर अंधारात प्रेक्षक बसले होते, त्यांतून एक दबकं हसू फुटलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. बुद्धिबळात पोराला पहिला नियम शिकवतात तो मोहरे कसे चालतात याचाही आधी: मोहऱ्याला हात लावलास, आता तोच चालवायचा. त्याला खेळ शिकवणारे मास्तर तर या नियमासाठी बोटांवर पट्टी हाणायचे. जो हात लावतो तो बांधला जातो, चुकून लावला तरी, झोपेत लावला तरी. आणि याने घोड्याला हात लावला, चालवला, प्यादं मारलं, कळ दाबली, तरी त्याला काही अर्थ नव्हता. वाऱ्याने मोहरा पडला तर जेवढा अर्थ असतो तेवढाच. ज्याच्या हात लावण्याने काही होत नाही तो खेळाडू कसला? चमचा आहे तो. चिमटा आहे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीतली पोरं त्याला तोंडावर सर म्हणायची आणि पाठीमागे हात म्हणायची, हे त्याला ठाऊक होतं. 'हात आला का?' 'हाताला पाणी द्या.' एकदा तर स्वच्छतागृहाच्या दारामागून त्याने ऐकलं होतं, 'हाताचं पोट बिघडलंय म्हणे,' आणि त्यावर दोघं खो खो हसले होते. त्याला स्वतःलाही हसू आलं होतं, हीच खरी चीड आणणारी गोष्ट.

त्याला बोलावलं होतं ते हात म्हणून नव्हे. शाळांच्या जिमखान्यांतून पोरांना खेळ शिकवत आणि एका वर्तमानपत्रात दर रविवारी 'पांढऱ्याने तीन खेळ्यांत मात करावी' असली कोडी घालत त्याचं बरं चाललं होतं. बायको म्हणायची, तुमचं बोट जेवतानाही ताटात अडीच घरं चालतं. मग कंपनीचं बोलावणं आलं. यंत्राला बुद्धिबळ शिकवायला सल्लागार हवा होता. त्या थंडगार, बिनखिडक्यांच्या खोलीत एक इंजिनियर बाई बसायच्या. तरुण, बोलायला मऊ, आयुष्यात एकही डाव शेवटपर्यंत न खेळलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, प्याद्याला शंभर धरले तर घोड्याला किती? तीनशे, तो म्हणाला. कायम तीनशे? त्यावर तो चिडलाच. कायम कसे असतील? कोपऱ्यात कुजत पडलेला घोडा आणि पटाच्या मध्यावर पाय रोवून उभा असलेला घोडा एकाच मोलाचा का? मग मधल्याला किती जास्त द्यायचे, बाईंनी शांतपणे विचारलं, आणि बोटं कीबोर्डवर ठेवून वाट पाहत राहिल्या. असं त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं. पंचवीस, तो अखेर म्हणाला. बाईंनी पंचवीस लिहिले. तिथून पुढे महिनोन्‌महिने तो बोलत गेला आणि बाई लिहीत गेल्या. हत्तीसमोरची वाट मोकळी असली तर किती, एकाच रांगेत अडकलेल्या दोन प्याद्यांचे किती कापायचे, उंटांची जोडी शाबूत असली तर किती. त्याच्या पोटात, बोटांत, मानेच्या मागच्या शिरशिरीत जे काही आयुष्यभर साठलं होतं ते सगळं आकडे होऊन बाहेर पडत होतं. राजा उघडा पडला तर किती, या प्रश्नाला तो सगळ्यात जास्त वेळ थांबला होता. खुर्चीत मागे रेलून त्याने डोळे मिटले होते आणि त्याला एक ठरावीक राजा दिसला होता, एका ठरावीक दिवशीचा. मग त्याने सांगितलेला आकडा इतका मोठा होता की बाईंनी मान वळवून पाहिलं. लिहा, तो म्हणाला होता. त्या दिवसांत तो सुखी होता, हे आता कबूल करायला त्याला लाज वाटत होती.

कारण पुढे यंत्राला स्वतःशीच खेळायला बसवलं. माणसं घरी गेली की ते खेळत राही. बाई एखादा आकडा किंचित हलवायच्या, मग नवा आकडा असलेलं यंत्र जुना आकडा असलेल्या यंत्राशी हजारो डाव खेळायचं, आणि जे जिंकेल त्याचा आकडा राहायचा. मधल्या घोड्याचे पंचवीस होते त्यांचे अकरा झाले. उंटांच्या जोडीला त्याने दिलं होतं त्याच्या दुप्पट मिळालं. त्याचे हट्ट, त्याच्या आवडी, मास्तरांकडून आलेले आणि मास्तरांना त्यांच्या गुरूंकडून आलेले सगळे समज एकेक करून दुरुस्त होत गेले. बाई सांगायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात कुचेष्टा नसायची; असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. यंत्र खेळी कशी निवडतं हेही त्यांनीच समजावलं होतं. त्याला कुठलीच खेळी आवडत नाही. ते आपल्याला शक्य असलेली प्रत्येक खेळी घेतं, तिच्यावर समोरच्याची प्रत्येक, तिच्यावर पुन्हा आपली, असं पायरी पायरीने खाली उतरत जातं. जिथे थांबतं तिथे पटाची बेरीज-वजाबाकी करून एक आकडा लिहितं. समोरचा कायम आपल्या वाइटावरच टपलेला आहे असं धरून चालतं, आणि सगळ्या वाइटांत जे कमीत कमी वाईट ते उचलतं. दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. खेळ्यांची एखादी फांदी वाईट निघाली की तिच्याकडे पुन्हा ढुंकूनही बघत नाही, कापून टाकतं. छाटणी म्हणायच्या बाई त्याला. आणि माणूस? माणूस काय करतो, त्याने विचारलं होतं. माणूस बहुतेक फांद्या बघतच नाही, बाई म्हणाल्या होत्या, दोन-तीनच बघतो आणि बाकीच्या न बघताच छाटतो. तेव्हा त्याला मास्तर आठवले होते, आणि तो खोलीबाहेर जाऊन पॅसेजमध्ये उभा राहिला होता. सल्ला द्यायचं काम संपल्यावर त्याला घरी पाठवायला कंपनीला जड गेलं असावं. सामन्यात यंत्राच्या वतीने बसणारा माणूस बुद्धिबळ जाणणारा असावा, शोभून दिसेल, असं कोणीतरी सुचवलं. समोर कोण येणार हे कळलं तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तो हो म्हणाला.

डाव पुढे चालू होता. पडद्यावर खेळी यायची, तो ती खेळायचा, जगज्जेता विचार करायचा, खेळायचा, आणि तो ती खेळी पडद्यापाशी टिपून यंत्राला कळवायचा. आता हात जपून हलत होता, परक्याच्या घरात कपबशी उचलावी तसा. पण डोक्यात एकच शब्द फिरत होता. पुन्हा. पुन्हा म्हणजे काय? समोरच्याचा तो शब्द चुकीबद्दल नव्हता. सामन्यात याच्याकडून आधी एकदाही चूक झाली नव्हती. तो घोड्याबद्दल होता. काळी मोहरी घेतलेल्या जगज्जेत्याने आज तोच बचाव निवडला होता जो तो लहानपणापासून खेळत आला. मास्तरांनी दोघांनाही एकाच बाकावर बसवून शिकवलेला. राजा कोपऱ्यात, समोर तीन प्यादी, त्यांच्यामागे चोरासारखा दबा धरलेला उंट. मधल्या प्याद्यावर घोडा टाकायचा, घोडा जाईल तर जाऊ दे, पण राजा उघडा पडतो. ही रचना पटावर उभी राहिली तेव्हापासून याचा उजवा हात जड झाला होता. पण तो घोडा याने याच माणसाविरुद्ध पूर्वी कधी खेळलाच नव्हता. खेळायचा होता. खेळू दिला नव्हता.

तेव्हा जगज्जेता जगज्जेता नव्हता, ठोंब्या होता. हाक मारली तर ओ द्यायचा नाही, प्रश्न विचारला तर समोरच्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत राहायचा, म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं नाव. यालाही नाव होतं: घाऱ्या, डोळ्यांवरून. मास्तरांकडे दोघं एका वर्षी आले, एकाच पटावर वाढले, एकमेकांचे डाव एकमेकांच्या आईपेक्षा जास्त ओळखू लागले. मग परदेशी जाऊन मोठ्या प्रशिक्षकाकडे शिकायची संधी आली आणि जागा एकच होती. निवडीसाठी दोघांमध्ये सामना ठेवला. शेवटच्या डावाला घाऱ्या अर्ध्या गुणाने पुढे होता. त्याला नुसती बरोबरी पुरत होती. डाव लांबला. सभागृह संध्याकाळी रिकामं करून द्यायचं होतं, रखवालदार किल्ल्या वाजवत दारात उभा होता, आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे अर्धवट डावाचा निवाडा जाणकाराने करायचा होता. पट आहे तसा बघायचा आणि सांगायचं: कोण जिंकेल, की कोणीच नाही. जाणकार म्हणजे मास्तर. घाऱ्याची दोन प्यादी कमी होती. पण खेळी त्याची होती आणि घोडा उडी मारायला टपला होता. मास्तरांनी त्याला शेजारच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? घोडा टाकीन मास्तर, तो म्हणाला. मग? मग शह देत जाईन. मग? राजा पळेल, मी मागे लागेन. मग? मग पुढचं त्याला सांगता येईना. त्याला ते दिसत नव्हतं, जाणवत होतं. तळव्यांना खाज सुटावी तसं. मास्तर शेवटी म्हणाले, "जाणवणं पटावर मांडता येत नाही रे बाळ." आणि बाहेर जाऊन त्यांनी काळ्याचा, म्हणजे ठोंब्याचा, विजय जाहीर केला. ठोंब्या तेव्हाही गुंडीकडेच बघत होता.

त्या रात्रीपासून तो मनातल्या मनात तोच डाव खेळत आला होता. राजा पळतो की नाही? घोडा पडतो, राजा घेतो, वजीर शह देतो, राजा मधे येतो, पुन्हा शह, राजा पलीकडच्या बाजूला निघतो, आणि तिथे कुठेतरी धुकं. एखाद्या दिवशी वाटायचं सुटत नाही, शहावर शह देत राहिलं तर जन्मभर देत राहता येईल आणि डाव बरोबरीत. दुसऱ्या दिवशी वाटायचं सुटतो, एक घर सापडतं त्याला, आणि मास्तर बरोबर होते. लग्न झालं, मुलगी झाली, केस गेले, राजा पळतच होता. कंपनीत आल्यावर उत्तर हाताशी होतं. बाईंना सांगायचा अवकाश, त्यांनी ती मांडणी यंत्रात घातली असती आणि जेवणाच्या सुट्टीआधी आकडा हातात दिला असता. त्याने कधी सांगितलं नाही. दोन्ही उत्तरांची भीती होती. हरलेला डाव असेल तर आपलं आयुष्य आपल्या लायकीचंच झालं म्हणायचं. हरलेला नसेल तर मग काय करायचं, कोणाला जाऊन धरायचं? मास्तर तर गेले होते. त्यांच्या अंत्ययात्रेला तो गेला होता आणि लोक रडत असताना, राजा कोणत्या घरात होता, एवढंच आठवत उभा होता.

आणि हे सगळं त्याने मास्तरांखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. दार लावलेल्या खोलीत. मास्तर शिष्यांच्या गोष्टी इकडच्या तिकडे करणारे नव्हते. पोटात दुखलं तरी बोलले नसते. मग घोडा ठोंब्याला कुठून ठाऊक? पडद्यावर खेळी आली, हत्ती एक घर डावीकडे. त्याने हत्ती एक घर डावीकडे नेला. समोर जगज्जेत्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. यंत्राच्या त्या बावळट राजाच्या खेळीनंतर त्याच्या हाती काही उरलं नव्हतं. प्रत्येक वाट त्याला हळूहळू, सभ्यपणे, न ओरबाडता चेपत होती. घोडा टाकून जे व्हायला हवं होतं ते एकही मोहरा न देता होत होतं. याला ते कळत होतं आणि कळूनही पटत नव्हतं. थू, तो मनात म्हणाला, असं जिंकायचं? ज्याला हरण्याची भीती नाही त्याने जिंकायचं, ज्याने कधी एक वेळचं जेवण या खेळापायी चुकवलं नाही त्याने जिंकायचं, आणि हात माझा वापरायचा. थोड्या वेळाने जगज्जेत्याने घड्याळ थांबवलं आणि रीत म्हणून हात पुढे केला. कोणाशी हस्तांदोलन करत होता तो? यंत्राला हात नाही. याने आपला दिला. तो तळवा घामाने गार होता, आणि क्षणभर दोघांनीही सोडला नाही. मग दिवे लागले, टाळ्या झाल्या, कंपनीचे लोक मंचावर धावले आणि याच्या दोन्ही बाजूंनी निघून एकमेकांना मिठ्या मारू लागले.

आतल्या खोलीत इंजिनियर बाई पडद्यांपुढे बसल्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. मालक रागावले होते, पण जिंकल्याच्या आनंदात त्यांना आरडाओरडा करायला सवड नव्हती. उद्या बोलू, एवढंच म्हणून गेले. याने विचारलं, माझ्या घोड्याला किती दिले त्याने? बाईंनी बघून सांगितलं, उणे दोनशे ऐंशी. म्हणजे जवळजवळ तीन प्याद्यांनी हरलेला डाव. त्याने मान हलवली. मग बाई म्हणाल्या, पण एक गंमत आहे. पहिल्या नऊ पायऱ्या उतरेपर्यंत यंत्राची पहिली पसंती तुमचा घोडाच होता. दहावीला त्याने बदलली. तोवर घोडाच का, ते मी पाहिलं. उघड्या राजाचा आकडा तुम्ही सांगितला होता ना, तो एकच आकडा आम्हाला कधी हलवावा लागला नाही, जसाच्या तसा आहे. त्यांना वाटलं होतं त्याला बरं वाटेल. त्याला त्यांचा गळा धरावासा वाटला, आणि तितक्याच जोराने रडावंसं वाटलं. म्हणजे ते आपल्यासारखंच बघत होतं तर! आपल्याच डोळ्यांनी, आपल्याच त्या एका दिवसाच्या आगीने ते घोड्यापाशी आलं, तिथे क्षणभर उभं राहिलं, आणि आपल्याला पायरी करून खाली उतरून गेलं. यापेक्षा न बघता छाटलं असतं तर बरं होतं. बाई, तो म्हणाला, पुन्हा कधी मला बरं वाटेल असं काही सांगू नका. आणि कोपऱ्यातला सरावाचा पट आणि मोहऱ्यांची पिशवी काखोटीला मारून तो बाहेर पडला.

जगज्जेत्याला दिलेली खोली पॅसेजच्या टोकाला होती. दारावरच्या माणसाने याच्या गळ्यातला कंपनीचा बिल्ला बघून सोडलं. ठोंब्या सोफ्यावर बूट काढून बसला होता. पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. इतक्या वर्षांनी जवळून बघताना याच्या ध्यानात आलं की तो म्हातारा झालाय, आपल्याइतकाच.

"घाऱ्या," तो म्हणाला.

मुलीच्या जन्मानंतर या नावाने त्याला कोणी हाक मारली नव्हती. त्याने स्वतःला सैल पडू दिलं नाही. पट टेबलावर ठेवून तो उभाच राहिला.

"पुन्हा का म्हणालास?"

ठोंब्या गुंडीकडे बघू लागला.

"तो घोडा मी तुझ्याविरुद्ध कधी खेळलो नव्हतो," तो म्हणाला. "मास्तरांशी बोललो होतो, दार लावून. तुला कुठून कळलं?"

बाहेर कोणीतरी बाटलीचं बूच उडवलं. मग ठोंब्या बोलू लागला, तुटक तुटक, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल. घरी पहिल्यांदा बरं यंत्र आलं तेव्हा सगळ्यात आधी त्याने तोच डाव मांडला होता. त्याच्याही मानेवर तो बसला होताच. निवाड्यावर मिळालेला विजय पचत नाही. यंत्राने बघता बघता पांढऱ्याचा घोडा काढून दाखवला. ते बघेपर्यंत ठोंब्याच्या मनातसुद्धा तो आला नव्हता.

"आकडा काय आला?"

"शून्य."

शून्य म्हणजे बरोबरी. राजा सुटत नाही, ठोंब्या म्हणाला, कुठेही पळाला तरी तुझा वजीर शह देत राहतो. मी पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन पाहिला. नाही सुटत.

"मला बरोबरी पुरत होती," तो म्हणाला.

"हो."

"कधी कळलं तुला हे?"

"झाली वर्षं. पहिल्यांदा जगज्जेता झालो त्यानंतर."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं?" ठोंब्याने पहिल्यांदाच गुंडीवरून नजर वर नेली. "मास्तर गेले होते. परत द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. वरातीमागून घोडं. तुला उगाच जाळायला कशाला सांगायचं?"

म्हणजे ठोंब्याने माझ्यासाठी हिशेबही केला होता. सांगितलं तर किती, न सांगितलं तर किती, आणि वीट मऊ म्हणून ती उचलली. इतका राग यावा आणि तो कोणावर काढायचा ते कळू नये, असं त्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं. मास्तरांनी बघून सांगितलं हरलास. ठोंब्याने बघून ठरवलं, न सांगितलेलं बरं. यंत्राने बघून सांगितलं शून्य. आणि आपण स्वतः, सगळ्यात मोठे भेकड, बघायलाच गेलो नाही. सगळ्यांनी बघितलं, सगळ्यांनी मोल लावलं. खेळलं कोणीच नाही. त्या एका डावात मला खेळू का दिलं नाही कोणी, त्याला ओरडून विचारायचं होतं. शून्य! हरलो असतो तर खेळून हरलो असतो. यंत्राच्या शून्याचं मी काय करू, घरी नेऊन बायकोला दाखवू? त्याने पिशवी पटावर उलटी केली. मोहरे गडगडत पडले, एक प्यादं सोफ्याखाली गेलं. ते त्याने गुडघ्यांवर वाकून काढलं.

"काय करतोयस?"

"बस इकडे."

"घाऱ्या, मी आत्ताच हरून आलोय. दमलोय."

"माझ्याच हातून हरलास. बस."

तो मांडत गेला. बोटं चुकत नव्हती. काळा राजा कोपऱ्यात, समोर तीन प्यादी, मागे उंट, डाव्या बाजूची प्याद्यांची गिचमिड, आपला एकटा पडलेला हत्ती, आपला वजीर, आपला घोडा. ठोंब्या मोज्यांनिशी उठून आला आणि टेबलाशी उभा राहून बघत राहिला. मग वाकून त्याने एक काळं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"हे इथे होतं," तो म्हणाला.

होतं. त्याचं बरोबर होतं. हा राग आणखी कुठे ठेवायचा ते याला कळेना. ठोंब्याने खुर्ची ओढली आणि बसला. दोघांच्या मधे घड्याळ नव्हतं, पडदा नव्हता, पंच नव्हता. बाहेरच्या गलक्यात आता कोणीतरी भाषण करत होतं आणि यंत्राच्या कल्पकतेबद्दल बोलत होतं.

"माझी खेळी," तो म्हणाला, आणि घोडा उचलून प्याद्यावर आपटला. आवाज एवढा झाला की दारावरच्या माणसाने आत डोकावून पाहिलं.

ठोंब्या पटावर वाकला. त्याला सगळं पाठ असणार. यंत्राने दाखवलेली प्रत्येक वाट त्याच्या डोक्यात असणार. यालाच ठाऊक नव्हतं पुढे काय. पुढे धुकं होतं, आणि पहिल्यांदाच ते त्याचं एकट्याचं होतं, त्यात शिरायला कोणी अडवत नव्हतं.

"आणि मी यंत्राने दाखवलं ते नाहीच खेळलो तर?" ठोंब्याने विचारलं.

"तर खेळ की."

ठोंब्याचा हात पुढे आला. राजावर थांबला. बोटं राजाच्या मुकुटाला लागली, आणि मग काहीतरी दिसलं असावं त्याला, कारण त्याने ती झटकन मागे घेतली आणि हात मांडीवर नेऊन ठेवला.

"हात लावलास," तो म्हणाला. "आता चालव."